अंगावरचं दूध

मुलगी चार महिन्यांची झाली आणि माझी बाळंतपणाची रजा संपली. कामावर पुन्हा जायचं की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली, पण ती सासूबाईंनीच मिटवली. ‘तू जा. तिचं दुपारचं दूध चुकणार नाही. मी घेऊन येत जाईन तिला,’ असं त्या म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. शनिवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून त्या मुलीला खांद्यावर टाकून निघत, ऊन असलं की छत्री उघडत, आणि पूल ओलांडून नदीपलीकडे माझ्या हॉस्पिटलात येत. नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत मी मुलीला अंगावर घ्यायची. ती पिऊन झोपली की सासूबाई तशाच चालत परत जायच्या. रिक्षा करा म्हटलं तर म्हणायच्या, ‘रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापेक्षा मी पोचते लवकर.’

आयुष्यभर बालवाडीत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोलणं फटकळ, पण मुलांना त्यांचा फार लळा. मी यवतमाळकडची. नर्सिंग करून पुण्यात नोकरीला आले, लग्न झालं आणि इथलीच झाले. नवरा त्या सुमारास एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. पुण्यात तेव्हा रोज नवी कंपनी उघडायची आणि जो तो परदेशी जायच्या गोष्टी करायचा. आमचं हॉस्पिटलही त्याच लाटेतलं. बाहेरून सगळं काचेचं, स्वागतकक्षात कारंजं, परदेशातून आणलेली यंत्रं. रबरी हातमोजे मात्र मेट्रनच्या कपाटात कुलपात. ते ऑपरेशनसाठी आणि ‘तशा’ पेशंटसाठी. तसा पेशंट कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

मी कॅज्युअल्टीत होते. त्या दिवशी सकाळी दोघातिघांनी एका तरुण माणसाला उचलून आणलं. स्कूटरवरून पडला होता, डोक्याला मार होता, शुद्ध अर्धवट. डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, सलाइन लावा पटकन.’ शीर लगेच सापडली. प्लास्टिकची नळी आत सरकवून मी सुई बाहेर ओढली, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला फिट आली. अंग ताठ झालं, हात उसळला, आणि माझ्या हातातली ती जाड सुई माझ्याच डाव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल रुतली.

दुखलं असं काही आठवत नाही. मी ती उपटून काढली, ट्रेमध्ये टाकली आणि त्याचा हात धरून बसले, कारण सोडला असता तर नळी निसटली असती. फिट थांबली. त्याला आत नेलं. मग मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. सुया टोचणं आम्हाला नवं नव्हतं. कुणाला नाही टोचली असं नव्हतंच. स्पिरिटचा बोळा लावायचा आणि पुढच्या पेशंटकडे जायचं.

मागे कुणीतरी उभं होतं. वळून पाहिलं तर त्या माणसाची बायको. माझ्याच वयाची असेल. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

‘ताई, तुम्हाला लागलं का?’

‘थोडंसं. काही नाही.’

‘त्यांना लावलेलीच सुई का?’

मी मान हलवली. ती पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, ‘नीट धुवा हो ताई. साबणाने धुवा. पुन्हा पुन्हा धुवा.’ तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. ‘मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका. मागच्या दवाखान्याने आम्हाला बाहेर काढलं होतं.’

तिने त्या रोगाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. भिंतीभिंतीवर त्याची पोस्टरं लागलेली असायची. मी साबण चोळत राहिले. रक्त पाण्याबरोबर जात होतं आणि मला ते थांबू नये असं वाटत होतं. तिचा राग आला नाही, आजही येत नाही. गप्प राहिली असती तर तिचं काहीच बिघडलं नसतं.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते तरुण होते, त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘त्याचं रक्त आत्ताच तपासायला पाठवतो. तुम्ही बसा.’ बसण्याआधीच शिपाई सांगत आला, ‘सिस्टर, तुमच्या सासूबाई आल्यात.’

कॉरिडॉरमध्ये त्या उभ्या होत्या. मिटलेली छत्री काखेत, खांद्यावर मुलगी. मला पाहून मुलीने दोन्ही हात पसरले आणि तोंडाने चुटचुट आवाज केला, भूक लागली की करायची तसा. माझं दूध भरून आलं. ब्लाउज ओला होतोय हे मला कळत होतं.

‘आई, आज नको.’

‘नको म्हणजे?’

‘आज नाही पाजता येणार. घरी जा. तिला पाणी-साखर द्या, मी येते.’

‘अगं, एवढी तंगडतोड करून आले ती काय कारंजं बघायला?’ त्यांनी मुलीला माझ्यापुढे केलं. मी हात मागे घेतले. मुलीला कळेना. ती माझ्या दिशेने वाकली, मी अजून मागे सरले, आणि ती जी रडायला लागली. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. सासूबाईंनी माझ्याकडे एकवार पाहिलं, मुलीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, ‘काम मोठं हो तुझं. पोटच्या पोरीपेक्षा मोठं.’ वळणावरून दिसेनाशा झाल्या तरी रडणं ऐकू येत होतं.

दुपारी त्या माणसाचा रिपोर्ट आला. त्या बाईने खरं सांगितलं होतं.

फिजिशियन साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते भले होते, पण घाईत असत. म्हणाले, प्रतिबंधक गोळ्या आहेत, आजच सुरू करायच्या, महिनाभर घ्यायच्या. आपल्या फार्मसीत नाहीत. तुमचं रक्त आज, मग दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि शेवटचं सहा महिन्यांनी. तोपर्यंत नक्की काही म्हणता येत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘घरी लहान मूल आहे ना?’

‘हो.’

‘अंगावर पितं?’

‘तेवढंच पितं, सर. वरचं काहीच नाही.’

त्यांनी चष्मा काढला. ‘बंद करा. आजपासून. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत अजिबात नाही.’

शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत ती चालायला लागली असती. हे मी स्वतःशीच म्हटलं.

मेट्रन बाहेर भेटल्या. त्यांनी आधी विचारलं, ‘हातमोजे का नव्हते घातले?’ मी कपाटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘हे बघा, बाहेर बोलू नका. पेशंट घाबरतात. स्टाफही घाबरतो.’ संध्याकाळपर्यंत तो पेशंट दुसरीकडे हलवला गेला होता. कुणी हलवला, कुठे, मला कळलं नाही. त्याची बायको मला पुन्हा दिसली नाही.

नवऱ्याने ऑफिसातून येऊन स्टेशनपर्यंतची सगळी औषधांची दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे गोळ्या मिळाल्या. त्याआधी जिन्यातच आम्ही बोललो होतो. मी सांगितलं आणि तो पायरीवर बसला.  मग म्हणाला, ‘आईला सांगायचं नाही. तिला झेपणार नाही. शेजारी कळलं तर इथे राहणं मुश्कील होईल.’ घरात काय सांगायचं तेही त्यानेच ठरवलं: इन्फेक्शन झालंय, औषधं जालीम आहेत, दुधातून बाळाला बाधतील.

‘कसलं इन्फेक्शन?’ सासूबाईंनी विचारलं. ‘ताप नाही, खोकला नाही.’

‘रक्तातलं आहे, आई,’ मी म्हटलं.

‘हॉस्पिटलात नोकरीला लागलं की माणसाला रोज नवं इन्फेक्शन कळतं. आम्ही पोरं वाढवली ती अडाणीच.’

त्यांनी कपाटावरून चांदीचं बोंडलं काढलं. नवऱ्याला लहानपणी त्याच बोंडल्यातून औषध पाजलेलं. त्याची चोच मुलीच्या तोंडाला लावली की ती मान फिरवायची. बाटली दिली तर जिभेने बाहेर ढकलायची. चमच्याने दिलेलं दूध गळ्यावरून ओघळून झबल्यात मुरायचं. ती माझा वास ओळखायची. मी खोलीत आले की बोंडलं उडवून द्यायची आणि माझ्याकडे झेपावायची. म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी मी गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि कानांवर हात ठेवायची. तरी छातीला तिचं रडणं ऐकू यायचं. दूध वाहायचं. मी घट्ट फडकं बांधलं, कोबीची गार पानं ठेवली, दूध आटवायच्या गोळ्या घेतल्या. छाती दगडासारखी झाली. न्हाणीघरात दार लावून मी दूध पिळून मोरीत सोडायची आणि वर पाण्याचा तांब्या ओतायची.

‘कोबीची अर्धी पानं कुठं गेली?’ सासूबाईंनी एकदा विचारलं.  त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला समजलं. बाईला फिगर सांभाळायची आहे असं त्या समजत होत्या.

प्रतिबंधक गोळ्यांनी मला सतत मळमळायचं. अन्नाचा वास सहन होईना. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी रजा वाढवून घेतली. नवरा रोज उशिरा यायचा. मला वाटायचं कामामुळे. नंतर कळलं, तो कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून त्या आजाराबद्दल इंग्रजीत मिळेल ते वाचायचा. घरी येऊन माझ्याशी बोलायचा नाही. जितकं वाचलं तितका गप्प झाला.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मुलीला जुलाब सुरू झाले. वरचं दूध पचेना. डोळे खोल गेले, गाल बसले. मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सासूबाईंना शिकवलं, कारण माझ्या हातून ती काहीच घेत नव्हती, नुसती पदर ओढायची. एरवी माझ्यावर ताशेरे ओढणाऱ्या सासूबाई त्या दिवसांत अगदी बोलेनाशा झाल्या. मुलीला घेऊन घरभर फेऱ्या घालायच्या, बालवाडीतली गाणी पुटपुटायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘एकदाच पाज गं. एकदाच. पोर जाईल माझी.’ मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरची ती दुपार. गोळ्या घेऊन मला दोनदा उलटी झाली होती. मी आतल्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली ती एका जुन्या, ओळखीच्या सुखाने. छातीतला ताण मोकळा होत होता, पायांच्या बोटांपर्यंत गार वाटत होतं. क्षणभर मला सगळं पूर्वीसारखं आहे असंच वाटलं. मग डोळे उघडले.

सासूबाई माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. माझ्या ब्लाउजची बटणं उघडी होती. मुलगी त्यांच्या हातांवर आडवी होती आणि माझ्या छातीला लागली होती. डोळे मिटून, मुठी उघडून, पोटभर पीत होती. सासूबाईंच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं.

मी किंचाळले. मुलीला ओढून काढलं. तिच्या तोंडात बोट घातलं, पदराने तिची जीभ, तिच्या हिरड्या पुसायला लागले. ती काळीनिळी होऊन रडत होती.

‘अगं, काय करतेस! सोड तिला!’

‘काय केलंत हे! आई, काय केलंत!’

‘पाजलं. आईचं दूध पाजलं. विष नाही पाजलं.’

‘विषच आहे ते!’

आणि मग मी सगळं सांगितलं. सुई, तो माणूस, त्याची बायको, रिपोर्ट. रोगाचं नाव घेतलं. या घरात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बालवाडीच्या भिंतीवर सरकारी पोस्टर त्यांनीच खळ लावून चिकटवलं होतं कधीकाळी. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे हात हवेत होते तसेच राहिले, जणू मुलगी अजून त्यावर होती.

‘म्हणजे मी तिला...’ एवढंच म्हणाल्या. मग, ‘मला का नाही सांगितलंत? मी कोण या घरात?’

मी मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि तशीच उतरून रिक्षा केली. फिजिशियन साहेबांच्या केबिनमध्ये मी नंबर न लावता घुसले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘शांत व्हा. मुळात तुम्हालाच लागण झाली असण्याची शक्यता लहान. तुमच्याकडून एकदा दूध पाजून तिला होण्याची त्याहून फार लहान.’

‘शून्य आहे का, सर?’

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं.

‘शून्य आहे का?’

‘शून्य नाही.’

‘तिला काही औषध?’

‘या घडीला तिला काही देणार नाही. तुमचे रिपोर्ट चांगले आले तर प्रश्नच नाही. थांबायचं.’

सुई टोचली तेव्हा जे होतं ते माझं होतं. माझा पेशा होता, मी तो निवडला होता. आता मांडीवरच्या त्या एवढ्याशा जिवाला मी त्यात ओढलं होतं असं वाटायचं आणि ते सोसण्यापलीकडचं होतं. मी तिचे कान, बोटं, तळवे तपासायची. तिला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधायची. अंगावर पुरळ उठलं, घामोळं होतं, तर दिवसभर मी हातपाय गाळून बसले.

घरी काय घडलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून मुलीला हात लावणं सोडलं. मुलीची किळस आली किंवा माझा राग आला म्हणून नव्हे. ‘माझ्या हातांवर माझा विश्वास नाही राहिला,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या. स्वयंपाक करत, मुलीची झबली धूत, तिच्यासाठी नाचणीची पेज शिजवत. पण ती पेज वाटीत काढून दूर सरकवून ठेवत. मुलगी रांगत त्यांच्याकडे जायची, तर त्या उठून दुसऱ्या खोलीत जात. मुलगी दाराशी बसून हाका मारायची, तिच्या भाषेत.  नवऱ्याने समजावलं, चिडला, हात जोडले. त्या म्हणाल्या, ‘शेवटची तपासणी होऊ दे.’

माझा दीड महिन्याचा रिपोर्ट चांगला आला. मग तीन महिन्यांचाही. मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी विचारलं, ‘हाच शेवटचा का?’

‘नाही. पण डॉक्टर म्हणतात, आता काळजीचं कारण जवळजवळ नाही.’

‘जवळजवळ,’ त्या म्हणाल्या आणि मटकी निवडायला बसल्या.

त्याच सुमारास कंपनीने नवऱ्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. त्याने नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, घरची अडचण. त्यानंतर पुन्हा कधी त्याला कुणी विचारलं नाही. मला त्याने हे बऱ्याच उशिरा सांगितलं. तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले. आम्ही दोघं त्या काळात एकमेकांवर ओरडण्याशिवाय फारसं बोलतच नव्हतो.

हॉस्पिटलातून बोलावणं आलं. मेट्रन म्हणाल्या, ‘किती दिवस रजा? मुली रांगेत उभ्या आहेत तुमच्या जागेसाठी.’ मी रुजू झाले. त्यांनी मला कॅज्युअल्टीतून काढून चादरी आणि गाऊन मोजून द्यायच्या खोलीत बसवलं. बाहेर बोलू नका म्हणणारेच बोलले असावेत, कारण पूर्वी माझ्या डब्यातलं लोणचं हक्काने उचलणाऱ्या मैत्रिणी आता दुसऱ्या टेबलावर बसायच्या. वाईट वागल्या नाहीत. ‘कशी आहेस?’ विचारायच्या, दोन हात लांबून. मला त्यांना विचारावंसं वाटायचं, तुम्हाला तरी हातमोजे मिळायला लागले का?  त्यांच्या उघड्या हातांवरून कळत होतं.

सासूबाई मुलीला सांभाळणार नव्हत्या, म्हणून कसब्यातल्या एका पाळणाघरात मी तिला ठेवलं. रोज सोडताना वाटायचं, ही इतर मुलांना चावली तर? पडून खरचटलं तर तिचं रक्त कुणी पुसायचं? पाळणाघरातल्या काकूंना सांगावं तर त्या ठेवून घेणार नाहीत. न सांगावं तर झोप नाही. डॉक्टर म्हणायचे, असं काही होत नसतं. मला ते नर्स म्हणून माहीत होतं. आई म्हणून काहीच माहीत नव्हतं.

पावसाचा भर ओसरायच्या आधीची गोष्ट. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि एरवी ओढ्यासारखी असणारी मुठा दोन्ही काठ धरून गढूळ वाहत होती. लोक पुलावर गाड्या थांबवून पाणी बघत होते. मी पाळणाघरातून मुलीला घेतलं होतं. घराकडे न वळता कशी कोण जाणे त्या पुलावर आले. कठड्याला टेकून उभी राहिले. पाण्याचा तो आवाज सगळं पुसून टाकत होता. मनात आलं, दोघीही. एका क्षणात. कुणाला काही सांगायला नको, कशाची वाट बघायला नको. हे मनात आलं तेव्हा मला भीती वाटली नाही, हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाचीच मग मला इतकी भीती वाटली की मी मुलीला घट्ट आवळून धरलं.

शेजारी एक बाई उभी होती, भाजीची रिकामी पाटी डोक्यावर. म्हणाली, ‘बाय, लेकराला घेऊन इतकं वाकू नको. पानी लई वाईट हाय.’ मी मागे सरले. तिने माझा दंड धरला आणि सोडला नाही. ‘कुठं ऱ्हातीस?’ मी हात केला. पुलाच्या टोकापर्यंत ती माझा दंड धरून चालली. 

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. दार उघडं होतं, त्यांनी ऐकलं असणार. दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून सुटायच्या वेळी त्या हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभ्या असायच्या. काखेत छत्री. माझ्याबरोबर पाळणाघरापर्यंत आणि तिथून घरापर्यंत चालायच्या. पाळणाघरापासून पुढे मुलगी माझ्या कडेवर, त्या एक हात अंतर ठेवून. त्याआधी पुलावरून येताना त्या कठड्याच्या बाजूला असायच्या, मी आतल्या. शेवटच्या तपासणीपर्यंत एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. बोलायच्या मात्र जेमतेम. एकदा म्हणाल्या, ‘माझ्यामुळे तू मरू नकोस.’ मी म्हटलं, ‘तुमच्यामुळे नव्हे हो आई.’ त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

शेवटचं रक्त मी दिलं आणि रिपोर्ट घ्यायला नवऱ्याला पाठवलं, कारण मला जिना चढवेना. खाली चादरींच्या खोलीत बसून राहिले. तो आला आणि दारातच म्हणाला, ‘काही नाही. काहीच नाही.’ मला आनंद झाला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी समोरच्या चादरी मोजायला घेतल्या. पुन्हा पुन्हा मोजल्या, आकडा जुळेना. मग त्याने माझ्या हातातून त्या काढून घेतल्या.

तेव्हा सासूबाई घरीच होत्या. पाळणाघराला सुट्टी असल्यामुळे मुलगी शेजारच्या मुलीकडे सांभाळायला दिलेली होती. आम्ही घरी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पुन्हा सांग.’ नवऱ्याने पुन्हा सांगितलं. ‘आता कुठली तपासणी राहिली नाही?’ ‘नाही.’ ‘जवळजवळ नाही?’ ‘जवळजवळ नाही आई, नाहीच.’

त्या उठल्या, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि शेजाऱ्यांच्या दारातून मुलीला उचलून आणलं. मुलगी आता धरून धरून उभी राहत होती. इतके महिने त्यांनी तिला घेतलं नव्हतं, तिला ती कूस आठवत नव्हती. ती परक्यासारखी ताठ झाली आणि माझ्याकडे हात करून रडायला लागली. सासूबाईंनी तिला सोडलं नाही. पाटावर बसून मांडीवर घेतलं, पेजेची वाटी ओढली आणि तिच्याबरोबर स्वतःही मोठ्याने रडायला लागल्या. चमचा वाटीत तसाच. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या म्हणे.

आवाज ऐकून शेजारीण दारात आली. ‘काय झालं हो?’

‘काही नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोरीच्या डोळ्यात पेज गेली.’

‘आणि तुमच्या?’

‘माझ्याही गेली. दार लोटून घ्या जाताना.’

मुलगी त्यांच्याकडे पुन्हा रुळायला बरेच दिवस लागले. माझ्या अंगावर ती परत कधीच प्यायली नाही, दूधच उरलं नव्हतं. हॉस्पिटलने मला पुन्हा कॅज्युअल्टीत घेतलं नाही आणि मीही मागितलं नाही. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि एका शाळेत नर्स म्हणून लागले, जिथे खरचटलेले गुडघे आणि पोटदुखीची सोंगं यापलीकडे फारसं काही नसतं. तिथेही कुणाचं रक्त दिसलं की मी आधी दोन्ही हातांत मोजे चढवते. मुलं हसतात. हसू देते.